कयाकमध्ये पाय बधिर होतात, कंबर धरते, उशी टाकली तरी पुन्हा तेच: मूळ कुठं आहे आणि मी काय केलं

प्रॉब्लेम आधी सांगतो. (कयाक म्हणजे आत पाय पसरून बसून पॅडलनं चालवायची अरुंद, हलकी बोट.) कयाकमध्ये बसलं की पंधरा-वीस मिनिटांत तळपायाला मुंग्या, अर्ध्या तासात मांडीपासून खालचा पाय बधिर, आणि काठाला लागून उतरायला गेलं की पाय जमिनीवर टेकल्याचं समजतच नाही, गुडघा वाकून जाते. सोबत कंबरेत कळ. मग आपण खाली अजून एक उशी टाकतो, चार दिवस बरं वाटते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मी हे दोन वर्षं भोगलं, माझ्या बोटी चालवणाऱ्या पोरांनीही भोगलं, आता मूळ हाती लागलं म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला, सुतारकाम करतो, चौकटी, दारं, आजकाल जास्त करून प्लायचं फर्निचर. गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर जवळ आहे पण माझा जीव आहे तो आमच्या मामा तलावांवर (माजी मालगुजारी तलाव, बाहेरच्यांसाठी सांगतो). हिवाळ्यात बदकं उतरतात, कमळं असतात, शिंगाड्याचे वेल असतात, आणि पाण्याच्या मधात जाऊन चुपचाप बसून पाहायचं तर बोट पाहिजे. आता अडचण अशी की तलावाच्या पाळीपर्यंत रस्ता नाही, धानाच्या बांध्यांमधून धुऱ्याधुऱ्यानं दीड किलोमीटर चालत जा लागते, बोट खांद्यावर घेऊन. त्यामुळे बोट हलकीच पाहिजे, त्याला इलाज नाही. आणि वजन वाचवायच्या मागे लागूनच माझी बसायची जागा बिघडली, ते पुढं सांगतो.

पहिली कयाक ६ एमएमच्या प्लायची केली, ३१ किलो भरली, उचलायला दोघं लागायचे. दुसरी ४ एमएम मरीन प्लायची, तांब्याच्या तारेनं पट्ट्यांना टाके घालून, आतल्या सांध्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा डिंक) आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून भरला, ती २२ किलो. (प्लायवर आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक, लिहिलेलं पाहूनच घ्या, साध्या कमर्शियल प्लायचे पाण्यात पापुद्रे सुटतात.) तिसरी आणि चौथी मात्र सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या. ही पद्धत उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची, वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि वरून सीलचं कातडं, कयाक हा शब्दही त्यांचाच. मी लाकडाऐवजी मानवेल बांबूच्या कांबी (चिरून काढलेल्या लांब पट्ट्या) घेतल्या, आडव्या फासळ्या १२ एमएम प्लायच्या आणि वरून पॉलिएस्टरचं जाड कापड, इस्त्री फिरवून ताणलेलं आणि मग रंगाचे चार हात. कापड नायलॉनचं घेऊ नका असं माझं मत, नायलॉन ओलं झालं की ढिलं पडते, पॉलिएस्टर पडत नाही. हे नायलॉनचं लक्षात ठेवा, खाली पुन्हा काम पडणार आहे.

बांबूबद्दल थोडं सांगतोच, कारण लोक विचारत राहतात. मानवेल आतून जवळपास भरीव असतो म्हणून त्याची कांब पातळ काढली तरी दम धरते. हिवाळ्यात तोडलेला घ्यायचा, त्यात साखर कमी असते आणि भुंगा कमी लागतो, तरी मी बोरिक आणि बोरॅक्सच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवतो. आणि २०१७ च्या कायदा दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येत राहिला नाही, म्हणून धुऱ्यावरचा, परसातला बांबू मिळत असेल तर तोच पाहा. जंगलातल्या बांबूचं वेगळं आहे, तो रीतसरच घ्यावा.

तर तिसरी कयाक, १४ फूट लांब, २४ इंच रुंद, साडेतेरा किलो. एका खांद्यावर जाते. इतका आनंद झाला होता की पहिल्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी पाण्यात उतरलो, आणि चाळीस मिनिटांत परत आलो कारण पाय गेले होते.

बसायची जागा कशी होती ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. दोन फासळ्यांवर लांबीच्या दिशेनं बांबूच्या पाच पातळ कांबी टाकल्या होत्या आणि त्यावर १२ एमएमचं ईव्हीए फोम, लहान पोरांच्या खेळायच्या चटईचं. वजन जेमतेम अर्धा किलो. कापडाला बूड टेकत नव्हतं, ते बरोबरच होतं (कापडावर कधीच बसू नका, खाली दगड आला तर फाटते आणि बुडाचा फुगवटा बाहेर निघून बोट ओढल्यासारखी चालते).

मग उपाय सुरू झाले. आधी सोफ्याचा स्पंज टाकला. सुरुवातीला एकदम गादी, पण तो पाणी पिते, पॅडलवरून थेंब पडून पडून तासाभरात चिंब, परत येताना त्या स्पंजमध्येच दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो वजन आणि वरून ओलं बूड. मग ईव्हीएचे चार थर चिकटवले. बैठक दोन इंच वर गेली आणि बोट डुगडुगायला लागली, तोवर ती अगदी स्थिर होती. चोवीस इंच रुंदीच्या बोटीत बसायची उंची एक इंच वाढली तरी अंगाला समजते, दोन इंचांत तर नवीन माणूस घाबरतो. आणि एवढं करून मुंग्या यायच्या त्या आल्याच, फक्त वीसच्या जागी तीस मिनिटांनी. तिसरा उपाय कंबरेसाठी, प्लॅस्टिकच्या तुटक्या खुर्चीची पाठ कापून मागं बसवली, खांद्याच्या पात्यांपर्यंत येईल अशी उंच. त्यानं कंबर अजूनच धरली, आणि ते काहून हे मला कितीतरी दिवस समजलं नाही.

समजलं ते एका ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) काकांमुळे. काका चाळीस वर्षांपासून डोंगा (लाकडी होडी) चालवून राहिले, त्यांनी पाळीवरून मला परत येताना पाहिलं आणि म्हणाले, "बापू, तू त्याच्यात बसून नाही रायला, लोळून रायला. ते मांगची पाठ काढून फेक आंदी." तेव्हा मला थोडा रागच आला कारण त्या पाठीला मी एक अख्खा दिवस दिला होता. पण काढून पाहिली, आणि कंबरेचं दुखणं त्याच दिवशी अर्ध्यावर आलं.

ते असं आहे. मांडीच्या मागचे लांब स्नायू बुडाच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जातात. पाय समोर सरळ पसरून बसलं की हे स्नायू ताणले जातात आणि बुडाचं हाड पुढं ओढतात, म्हणजे ओटीपोटाचा सगळा सांगाडा मागं कलंडते, माकडहाडावर वजन येते आणि कंबरेचा बाक उलटा होतो. आपल्याला वाटते पाठ थकली, म्हणून मागं उंच पाठ लावतो, तिच्यावर रेलतो आणि अजून कलंडतो. वरून पाठीतून निघून मांडीमागून पायात जाणारी मोठी नस असते, सायटिक म्हणतात, तिला या पोझिशनमध्ये ताण बसते. पाय सरळ, पाठ गोल आणि पायाचा पंजा आपल्याकडे खेचलेला, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ताण सगळ्यात जास्त. डॉक्टर लोक नस तपासायला माणसाला मुद्दाम असंच बसवतात. आणि आपण कयाकमध्ये हौसेनं तासतासभर तसंच बसून राहतो.

पाठ काढल्यावर कंबर सुधारली पण पाय तसेच. मग एक दिवस घरी येऊन हाफपँट बदलताना दोन्ही मांड्यांखाली आडवी लाल रेघ दिसली, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. टेप घेऊन मोजलं, बुडाच्या हाडापासून २० सेंटिमीटर पुढं. बोटीत मोजलं तर पुढची आडवी फासळी बरोबर तिथंच. कांबी पातळ होत्या, बूड टेकलं की त्या मधात खाली दबायच्या, फासळी मात्र दबत नाही, म्हणजे बूड खड्ड्यात आणि मांड्या त्या फासळीच्या काठावर टांगलेल्या, अर्ध्या अंगाचं वजन त्या १२ एमएमच्या धारेवर. फोम नवा असला की धार झाकून ठेवते, चार दिवसांत तेवढ्याच रेघेवर फोम चपटा होते आणि धार पुन्हा लागते. उशी टाकली की बरं आणि पुन्हा तेच, त्याचं कारण हे होतं. मऊपणाचा इथं संबंधच नव्हता. वजन कमी करायला कांबी मीच पातळ केल्या होत्या, आणि फासळ्यांचं अंतर ठरवताना बोटीचा आकार पाहिला पण माणूस कुठं बसणार ते पाहिलं नाही.

तुमचं दुखणं कोणतं ते आधी ओळखा, मगच करवत हातात घ्या. घरी एक सोपी तपासणी होते. अर्धं भरलेलं धानाचं पोतं जमिनीवर पसरा, त्यावर बसा, पाय भिंतीला लावून, गुडघ्याखालून उभी मूठ जाईल एवढे वाकवून. दहा मिनिटं बसा आणि अलगद उठा. धानात तुमच्या बुडाचा ठसा राहते, दोन खोल खड्डे आणि पुढं मांड्यांच्या दोन पन्हाळी. खड्ड्यांमधलं अंतर मोजून ठेवा, माझं १२ सेंटिमीटर आलं. तुमच्या सीटला जो आकार पाहिजे तो हाच आहे, बुडाखाली खोलगट आणि मांड्यांखाली हळूहळू वर चढत जाणारा. त्या पोत्यावर तुम्हाला मुंग्या येत नसतील आणि बोटीत येत असतील तर दोष बोटीचा आहे हे पक्कं धरा.

मग बोटीत बसून, काठाजवळ उथळ पाण्यात, मुंग्या सुरू झाल्या की दोन्ही हातांनी एक मांडी थोडी उचलून धरा. मिनिटभरात पाय जिवंत व्हायला लागला तर मांडीखाली काही तरी टोचून राहिलं, फासळी असेल नाहीतर सीटची पुढची कडा. मांडी उचलून फरक नाही पण पाठ सरळ केली आणि पंजा सैल पुढं सोडला की फरक पडते, तर तो नसेचा ताण, म्हणजे पाय टेकायची जागा आणि कंबरेचा पट्टा बदला. फक्त टाच आणि तळवा बधिर होत असेल तर टाचेखाली कडक काही आहे, तिथं फोमचा तुकडा चिकटवला की झालं. एकाच पायाला त्रास असेल तर आधी मागचा खिसा पाहा. खरंच सांगतो, माझ्या भाच्याला महिनाभर उजव्या पायात मुंग्या येत होत्या आणि कारण निघालं मागच्या खिशातलं पाकीट. खिसा रिकामा आहे, सीट लेव्हलमध्ये आहे, तरी एकाच पायात कळ उतरत असेल तर ते बोटीचं दुखणं नाही, डॉक्टरला दाखवा. आणि बोटीतून उतरून दोन-तीन तास झाले तरी बधिरपणा जात नसेल, पंजा उचलत नसेल, किंवा बसायच्या जागेची चामडी बधिर होऊन लघवीला त्रास होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलू नका.

आता दुरुस्ती. जुन्या बोटीत मी पुढच्या फासळीची वरची कडा मधात एक इंच कापून खोलगट केली, आणि कापल्यानं ती कमजोर पडू नये म्हणून खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी प्लायचे तुकडे इपॉक्सीनं चिकटवले. धार पूर्ण गोल घासली. कांबी काढून टाकल्या. त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढ्या जाड अख्ख्या बांबूच्या दांड्या बांधल्या, फासळी ते फासळी, एकमेकींपासून १४ इंचांवर, आणि त्यांच्यावर आडवे पट्टे ताणले, खाटेला नवार विणतो तसेच, फक्त एकाच दिशेनं. पट्टे सात लागले. मजा अशी की या सीटचा आकार ताणावर ठरते. बुडाखालचे मागचे तीन पट्टे थोडे सैल ठेवायचे, पुढचे मांडीखालचे घट्ट, म्हणजे बूड खाली बसते आणि मांडीला वर आधार मिळते, धानाच्या पोत्यासारखंच. सगळ्यात खोल जागाही कापडापासून दोन सेंटिमीटर वर राहिली पाहिजे, वजन टाकून पाहा आणि खालून हात घालून तपासा. पट्ट्यांवर १० एमएम ईव्हीएचा एकच थर. सगळं मिळून सव्वा किलोच्या आत, आणि बसायची उंची जुन्या चार थरांपेक्षा कमी, म्हणून बोट पुन्हा स्थिर झाली.

इथं एकदा फसलो ते सांगतो. पहिल्यांदा खाटेची नायलॉनची नवारच वापरली. घरी मस्त, पाण्यात अर्ध्या तासानं पट्टे सैल आणि बूड कापडाला टेकलं. मगाशी कापडाचं सांगितलं तेच, नायलॉन ओलं झालं की ढिलं. नंतर ट्रकवर माल आवळायचे पॉलिएस्टरचे पट्टे घेतले, दांडीभोवती गुंडाळून मोचीकडून जाड दोऱ्यानं शिवून आणले, ते आजपर्यंत हलले नाहीत.

चौथ्या कयाकला मात्र आधी सीट ठरवली आणि नंतर फासळ्या. बुडाच्या हाडांपासून पुढं ४० सेंटिमीटरपर्यंत एकही फासळी नाही, मागची फासळी पाठीमागं वीतभर. कुणी नवीन बोट करून राहिले असतील तर माझं हेच सांगणं आहे, नकाशावर पहिली खूण बुडाची करा. इनुइट लोक बोटच ज्याची त्याच्या अंगाच्या मापानं बांधायचे, हातांच्या पसाऱ्यावर लांबी आणि कमरेच्या रुंदीवर बसायची जागा. माझ्या मापाची बोट भाच्यानं चालवली तर त्याला त्रास होणारच, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

त्याच्यासाठी पाय टेकायची दांडी सरकती केली, आणि ही दांडी नसेल तर सगळी सीट वाया समजा. पाय मोकळे लोंबकळत असले की माणूस घसरत घसरत पुढं येते आणि पुन्हा लोळते. साधी पीव्हीसी पाइपची दांडी, दोन्ही टोकांना दोरी, दोरी मागच्या फासळीला गाठीनं, गाठ बदलली की दांडी पुढं-मागं. पायाचे चवडे टेकले पाहिजेत, पंजा आपल्याकडे खेचला जाऊ नये, गुडघे बाहेर थोडे उघडे. पॅडल ओढताना त्याच बाजूच्या पायानं दांडी रेटायची, पाय असे आळीपाळीनं काम करत राहिले की रक्तही चालत राहते आणि जोर खांद्यातून न जाता कमरेतून जाते. दांडी सरकवा पण सीट सरकवू नका, सीट पुढं गेली की बोटीचं नाक दबते आणि वाऱ्यात बोट ऐकत नाही.

कंबरेला आता चार इंची पट्टा आहे फक्त, पँटच्या बेल्टच्या उंचीवर, मोटारसायकलच्या कॅरियरच्या रबरी दोरीनं वर धरलेला. त्यावर रेलायचं नसते, तो मागून आठवण देते एवढंच.

उन्हाचं वेगळं सांगा लागते कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. टिनाच्या शेडखाली ठेवलेल्या बोटीत माझा ईव्हीए फोम आकसून कडा वर वळल्या होत्या आणि डिंक मऊ होऊन सरकला होता, पावसाळ्यानंतर बसलो तर त्या वळलेल्या कडेनं मांडीला पुन्हा तीच रेघ. वाटलं फासळीच आली वर. म्हणून फोम आता चिकटवतच नाही, चार कोपऱ्यांना नाड्या लावून पट्ट्यांना बांधतो आणि उन्हाळ्यात सोडून घरात ठेवतो. दर वेळी परत आलो की सोडून झटकतो, कारण खाली वाळूचे कण राहिले तर ते फोम आणि चामडी दोन्ही घासतात. बोटीच्या दोन्ही टोकांत हवा भरलेल्या ट्यूबा कोंबून बांधलेल्या असतात, त्याही तेव्हाच दाबून पाहतो, कापडी बोटीत पाणी भरलं तर तिला वर धरायला दुसरं काही नसते, आणि लाइफ जॅकेट न घालता मी कोणाला माझ्या बोटीत बसू देत नाही.

धानाची रोवणी आटोपल्यापासून या सीटवर मी सलग अडीच तास बसलो आहे, तलावाच्या पल्याडच्या बेशरमच्या झुडपांपर्यंत जाऊन परत. उतरताना पाय टेकला आणि समजला. भाच्याला अजून दीड तासानं टाचेत थोडं येते, त्याची दांडी एक गाठ पुढं करून या रविवारी पाहणार आहोत.